ब्रेकचा आकडा

सतरा ऑगस्ट महिन्याभरावर आला की जावा बेटावरच्या त्रेंगालेक गावात गल्लोगल्ली कमिट्या बसतात. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा तो दिवस म्हणजे भाषणं कमी आणि स्पर्धा जास्त. दोरीला टांगलेला पापड हात न लावता खायचा, पोत्यात पाय घालून पळायचं, तेल फासलेल्या खांबावर चढायचं. त्या वर्षी बस थानकामागच्या गल्लीने ठरवलं की म्हाताऱ्यांसाठीही काहीतरी हवं. गल्लीतले निम्मे म्हातारे जुने बसवाले. कुणीतरी म्हणालं, संगणकावर बसची शर्यत लावू, घाटातून जो सगळ्यांत कमी वेळात खाली येईल तो जिंकला. कमिटीचे अध्यक्ष होते हार्गोनो. गल्लीत त्यांना सगळे मानाने पाक हार्गोनो म्हणत. त्यांना ही कल्पना इतकी पसंत पडली की दुसऱ्या दिवसापासून ती आपलीच आहे असं ते सांगू लागले.

खेळ बसवून द्यायचं काम आलं कास्मियातीकडे, कारण गल्लीत संगणकांचं दुकान तिचंच. पाच संगणक, पाच खुर्च्या आणि एक पंखा, तोही फक्त पहिल्या खुर्चीला वारा घालणारा. शाळा तिची चौथीपर्यंत. धाकटा दीर शहरात निघून गेला तेव्हा जाताना हे दुकान तिच्या गळ्यात मारून गेला. कुठलं बटण कशाला, हे तिने कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलं आणि एकेक करून शिकली.

हार्गोनो स्वतः सांगायला आले. "बू कास," बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं ते म्हणाले, "नीट बसवा हं. मी स्वतः चालवणार आहे. चाळीस वर्षं ड्रायव्हर घडवलेत मी."

"हो तर," ती म्हणाली. "तुम्हाला शोभेल असंच बसवते."

ती इतकं गोड बोलली की ज्याला ती माहीत आहे तो माणूस तिथेच घाबरला असता. पण हार्गोनोंना ती माहीत नव्हती. त्यांना फक्त तिची फराळाची ताटली माहीत होती. दर ईदला ते दारोदार जात तसे तिच्याकडेही येत, हात जोडून म्हणत, "चुकलंमाकलं माफ करा." ती म्हणे, "तुम्हीही करा," आणि बिस्किटं पुढे ठेवी. अशा अकरा ईदी झाल्या. अकराही वेळा तिच्या मनात एकच होतं. या माणसाच्या तोंडून, चारचौघांत, एक वाक्य काढून घ्यायचं, की तोहिरचा दोष नव्हता.

तोहिर तिचा नवरा. बावीस वर्षं घाटातली बस चालवली. सणाच्या गर्दीच्या एका सकाळी त्याने बिघाडाच्या वहीत लिहिलं की ब्रेकचं पेडल चारातले तीन हिस्से रिकामं जातंय. हार्गोनो तेव्हा डेपोचे मुकादम. प्रवासी खोळंबलेत, जाऊ दे गाडी, म्हणाले. सातव्या वळणावर ब्रेक लागलाच नाही. तोहिरने बस कड्याकडे न जाऊ देता डावीकडच्या भाताच्या खाचरात घातली. एक्केचाळीस माणसं चिखलात माखून का होईना, पण चालत बाहेर आली. मोडला तो फक्त कंडक्टरचा, जुवारीचा पाय.

चौकशीत वहीतलं ते पान सापडलं नाही. हार्गोनो म्हणाले, ब्रेक ठणठणीत होता, ड्रायव्हरला डुलकी लागली. जुवारीला विचारलं तर तो म्हणाला, मी तिकिटं फाडत होतो, मला काही दिसलं नाही. त्याला तीन लेकरं होती आणि नोकरी हवी होती. तोहिरची मात्र गेली. मग त्याने थानकाबाहेर केळ्याच्या भज्यांची हातगाडी लावली. येता-जाता हार्गोनो मोटारसायकल थांबवून विचारत, "काय तोहिर, या गाडीला तरी ब्रेक आहे ना?" आजूबाजूचे हसत. तोहिरही हसे, कारण आपल्या माणसांत अपमान झाला तरी हसायचीच रीत आहे. तीन वर्षं असा हसला आणि एक दिवस भजी तळता तळता बसला तो उठलाच नाही.

तर असा तो खेळ बसवायचा होता.

सकाळी पोरं शाळेत गेली की दुकान रिकामं व्हायचं. कास्मियाती दार ओढून घ्यायची आणि कामाला लागायची. केदिरी शहरातल्या एका बंद पडलेल्या खेळघरातून जुनं स्टिअरिंग आणि दोन पेडलं आणली होती. खेळात कुणा हौशी माणसाने जावाच्या घाटासारखा रस्ता बनवून घातलेला होता. आधी तर संगणकाला तो घाट झेपेना, चित्र धापा टाकत पुढे सरकायचं. तिने डोंगरावरची निम्मी झाडं कमी केली, सावल्या सगळ्या काढून टाकल्या. म्हाताऱ्यांना सावलीशी काय करायचंय? मग चित्र पळू लागलं.

मग स्टिअरिंग. जरा हलवलं की बस भोवऱ्यासारखी फिरायची. खेळाला वाटत होतं ही शर्यतीची चिमुकली मोटार आहे. तिने आकडा वाढवत वाढवत स्टिअरिंगला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे दिले, बसला असतात तितके. चाचणीला तीन म्हातारे बोलावले. तिघांनीही जन्माच्या सवयीने बस डावीकडून हाकली आणि तिघेही समोरून येणाऱ्या ट्रकवर जाऊन आदळले. नंतर अर्धा तास चूक ट्रकवाल्याची कशी होती यावर त्यांचं भांडण चाललं. कास्मियातीने गपचूप खेळाच्या सेटिंगची यादी उघडून पाहिली. खेळ परदेशातला, तिथे वाहनं उजवीकडून चालतात. तिने रस्त्याची बाजू बदलली आणि ड्रायव्हरची जागाही डावीकडून उजवीकडे आणली.

शेवटी पेडलं. वेग आणि ब्रेक दोन्ही एकाच रेषेवर जोडलेले होते, दोन्ही दाबले की एकमेकांना खाऊन टाकत. तिने ते वेगळे केले. त्याच पानावर खाली एक आकडा होता, पेडल किती खाली गेल्यावर ब्रेक लागायला लागावा याचा. तिथे शून्य लिहिलं होतं.

ती त्या शून्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. तीन हिस्से रिकामं, तोहिर म्हणाला होता. तिने शून्याच्या जागी पंचाहत्तर लिहिलं.

आणि स्वतः चालवून बघितलं. पहिल्या वळणाला गेली खाली. दुसऱ्यांदा तिसऱ्या वळणाला. पाय पार तळाला टेकतो तरी उरलेल्या एका हिश्श्यात ब्रेक जेमतेम धरतो, बस आपली पळतच राहते, आणि डोळ्यांसमोर वळण मोठं मोठं होत जातं. त्या सकाळी ती एकोणीस वेळा दरीत गेली. एकदाही सातवं वळण दिसलं नाही. तोहिर सातव्यापर्यंत पोहोचला होता, खरी एक्केचाळीस माणसं घेऊन. इतकी वर्षं तिला राग होता तो नवऱ्याला खोटं पाडल्याचा. नवरा किती हुशार होता हे तिला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, आणि मग राग दुप्पट झाला. खेळात प्रत्येकाची सेटिंग नाव घालून ठेवता येते. तिने ती ठेवली, आणि नाव घातलं तोहिर.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी गल्लीत मांडव पडला. मोठ्या टीव्हीवर घाट दिसत होता. माईक जुवारीच्या हातात, कारण कंडक्टरचा आवाज अजून शाबूत होता. अपघातापासून न वाकणारा पाय पुढे पसरून तो खुर्चीवर बसला होता. चार जण चालवून गेले, शून्य आकड्यावर. एक जण खाली पोहोचला, तीन वाटेत अडकले. सगळ्यांना टाळ्या पडल्या. मग हार्गोनो उठले. नवा बाटिकचा सदरा, केसांना तेल.

कास्मियातीने त्यांच्यासाठी सेटिंग बदलली. क्षणभर टीव्हीवर नाव चमकलं आणि गेलं. ते वाचलं एकट्या जुवारीने. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पेडलांखालची चटई सरळ करत होती. जुवारी पुढे नुसतं "आता अध्यक्ष" एवढंच बोलला आणि त्याने माईक खाली केला.

पहिल्या वळणावर हार्गोनो सरळ गेले. हवेत.

मांडव हसून लोळला. "अहो पाक, बस आहे ती, विमान नव्हे," मागून एक जण ओरडला. ते पुन्हा बसले, पुन्हा तिथेच गेले. तिसऱ्यांदा दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, नवीन सदरा पाठीला चिकटला, आणि बस दुसऱ्या वळणावरून शांतपणे दरीत उतरली. एक बाई म्हणाली, चाळीस वर्षं घडवलेले ड्रायव्हर असेच आहेत का, मग मी उद्यापासून चालतच जाते. ही मस्करी हार्गोनोंना झोंबली. त्यांनी उठून जुवारीच्या हातातला माईक घेतला.

"हसू नका," ते म्हणाले. "मला कळतं यातलं. हे पेडल तीन हिस्से रिकामं जातंय. बघा, इथपर्यंत नुसती हवा. उतारावर अशी गाडी दिली तर ती वळणाला थांबणारच नाही."

मांडवात जुने बसवाले होते. ते माना डोलवू लागले. खरं आहे, तीन हिस्से म्हणजे फार झालं. तेव्हा जुवारीने बसल्या जागेवरून, माईक नसताना, तिकीट मागायच्या त्याच खणखणीत आवाजात विचारलं, "मग अशा गाडीत ड्रायव्हरने काय करावं?"

"काय करणार बिचारा?" हार्गोनो माईकमध्ये म्हणाले. "त्याचा काय दोष? ज्याने गाडी सोडली त्याला धरा."

हसणं हळूहळू थांबलं. आधी पुढच्या खुर्च्या गप्प झाल्या, मग मागच्या. शेवटी एकटा हार्गोनोंचाच श्वास माईकमधून ऐकू येत होता. आपण काय बोललो हे त्यांना सगळ्यांच्या नंतर कळलं.

कास्मियाती उठून त्यांच्याजवळ गेली. मोठ्या माणसाशी बोलतात तशी कमरेत थोडी वाकून, अदबीने म्हणाली, "कोणत्या ड्रायव्हरचा दोष नव्हता, तेही सांगा, पाक. नाव घेऊन सांगा."

ते काहीतरी पुटपुटले.

"माईक तोंडाजवळ धरा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी हसून वेळ मारून नेईल, कुणी चहा मागेल, असं त्यांना वाटलं असावं. कुणी काही मागितलं नाही.

"तोहिरचा," ते म्हणाले. "तोहिरचा दोष नव्हता."

"मी पाहिलं होतं," जुवारी म्हणाला, कुणी विचारलं नसताना. "त्याचा पाय तळाला टेकलेला होता. मी पाहिलं होतं आणि गप्प बसलो." मग तो तोंड फिरवून रडू लागला. कास्मियातीने त्याला रडू दिलं. त्याच्याही वाटणीचं थोडं देणं होतंच.

तिने सगळ्यांसमोर यादी उघडली, आकडा शून्यावर आणला आणि हार्गोनोंना म्हणाली, आता ब्रेक ठीक आहे, बसा. ते नको म्हणाले. ती म्हणाली, अध्यक्षांनीच खेळ अर्धा सोडला तर पोरं काय शिकतील? मग त्यांना बसावंच लागलं. चांगल्या ब्रेकने, बैलगाडीच्या चालीने, ते सगळा घाट उतरून खाली आले. खाली पोहोचल्यावर कुणी टाळी वाजवली नाही.

म्हाताऱ्या बायकांनी तिला नंतर विचारलं, त्याचा तो ओला सदरा बघून कीव नाही का आली? तिने खरोखर आठवून पाहिलं. नाही आली. उलट तिला वाटलं, आणखी दोन वळणं चालवायला लावायला हवं होतं.

ती सेटिंग तिने पुसली नाही. पोरांना तिचा पत्ता लागला, आणि आता शाळा सुटली की पहिल्या खुर्चीसाठी नाही, त्या बससाठी मारामारी होते. ब्रेक तीन हिस्से रिकामा ठेवून सातव्या वळणापर्यंत जायचं. अजून एकही पोहोचलेलं नाही. पाचव्यापर्यंत गेलेला पोरगा गल्लीत छाती काढून फिरतो आणि बाकीचे त्याला ऐकवतात, "पाचव्याचं काय सांगतोस, तोहिर सातव्यापर्यंत गेला होता, माणसं भरून." दुकानाचं दार उघडंच असतं, त्यामुळे हे सगळं रस्त्यावर ऐकू जातं. हार्गोनोंचं घर तिथून चौथं. थानकाकडे जायला ते हल्ली मशिदीला वळसा घालून जातात.