छपराच्या सात होड्या

पोस्टकार्ड मला ग्वाल्हेरला मिळालं तेव्हा गोविंद रिसबूडचा तेरावासुद्धा होऊन गेला होता. आमचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला असतं आणि उन्हाळ्यात इंदूरला, आणि त्याच्या मागोमाग फायली, टाइपरायटर आणि आम्ही. इंदूरच्या पत्त्यावर आलेलं ते कार्ड शेजाऱ्यांनी पुढे पाठवलं, आणि मग ते दुसऱ्याच सेक्शनमध्ये चार दिवस पडून राहिलं. कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचण्याआधीच कळलं. सुमतीवहिनींनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. हे माघ वद्य पंचमीला सकाळी गेले, त्रास फार झाला नाही. मी कार्ड खिशात घातलं आणि मशीनवर लावलेला मजकूर पुरा केला. तेव्हा रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. नुसता थकवा आला, आणि चैत्र लागून आम्ही सगळे इंदूरला परत आलो तरी तो उतरलेला नाही...

गोविंद आणि मी होळकरशाहीत एकाच खात्यात लागलो. तो ओव्हरसियर, मी टायपिस्ट. त्याचे आजोबा फौजेत होते, माझे दफ्तरात, आणि दोघांच्याही घरी त्याचा अभिमान गरजेपेक्षा जास्त होता. गोविंदला मात्र अभिमान एकाच गोष्टीचा होता, त्याच्या होडीचा. नर्मदेच्या पाण्याची मोजणी करायला तो तरुणपणी मंडलेश्वरला दोन वर्षं होता. तिथली सरकारी होडी जुनी झाली म्हणून लिलावात निघाली, ती त्याने घेतली. सपाट तळाची, वर पत्र्याचं छप्पर, आत झोपायला दोन फळ्या, स्टोव्ह ठेवायला एक कोपरा आणि पुढे लहानसं शीड. अशा छपराच्या होड्या त्या वेळी इंदूरच्या सातएक जणांकडे होत्या. पलासियाच्या बंगल्यातले एक डॉक्टर, राऊकडचे एक जहागीरदार, दोघे वकील, असे. सुट्टी मिळाली की जो तो आपापला मोटारीने किंवा बसने घाट उतरून मंडलेश्वर गाठायचा, होडीत दोन दिवस काढायचा आणि परत यायचा. एकमेकांना ते नुसते नमस्कार करण्यापुरते ओळखत.

मग विलीनीकरण झालं. पंचवीस संस्थानांची मिळून एक राजवट झाली आणि एकेका खुर्चीवर बसायला तीन तीन माणसं निघाली. 'सरप्लस' हा शब्द तेव्हा आमच्या घराघरांत बायकांच्याही तोंडी आला. एका दुपारी गोविंदच्या हातात ऑर्डर पडली. वीस वर्षांची नोकरी आणि सहा ओळींचा कागद. त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो तर तो रामबागेतल्या घराच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. "आलास? बस," म्हणाला. कागद दाखवला नाही. मीही मागितला नाही.

मी मागितला नाही, कारण तो मीच टाइप केला होता. यादी आमचे वरचे अधिकारी पेंडसेसाहेब यांनी तयार केली होती. तिच्यात गोविंदचं नाव होतं, आणि ती मशीनवर चढवताना मला दिसलं होतं. दोन दिवस आधी. दोन दिवसांत त्याने कोणाला भेटून काही केलं असतं की नाही, कोण जाणे. बहुधा नाही. पण मी त्याला सांगितलं नाही. मला नोकरी जाण्याची भीती होती, आणि माझं नावही कुठल्या तरी पुढच्या यादीत असेल असं वाटत होतं.

पुढे त्याला एका गिरणीत कामगारांच्या चाळी दुरुस्त करून घेण्याचं काम मिळालं. पगार निम्मा, आणि काम त्याच्या लायकीचं नाही. त्याच पावसाळ्यात त्याने होडीवाल्यांच्या मेळ्याची कल्पना काढली. सगळ्यांनी आपापल्या होड्या घेऊन एका शनिवारी-रविवारी एकत्र जमायचं. शनिवारी मंडलेश्वरहून निघायचं, पलीकडच्या वाळूवर मुक्काम करायचा, रविवारी महेश्वरपर्यंत जाऊन पश्चिमेच्या वाऱ्यावर शीड लावून परतायचं. ऐकायला सोपं आहे. पण मंडळींपैकी अर्धी सरकारी नोकरीत, म्हणजे हिवाळाभर ग्वाल्हेरला. पावसाळ्यात नदीत उतरायची सोय नाही. वैशाखात पाणी ओसरून खडक उघडे पडतात. उरतो तो चैत्र, आणि त्यातला सुट्टीचा दुसरा शनिवार. त्या एका शनिवारासाठी गोविंद आदल्या पावसाळ्याचे चारही महिने, आम्ही सगळे इंदूरला असेपर्यंत, खपायचा.

गिरणीतून सुटला की सायकल काढून एकेकाच्या घरी जायचा. डॉक्टरांना पुढची जागा हवी, कारण धूर सोसत नाही. वकील दोघेही येणार, पण एकमेकांशेजारी नकोत. जहागीरदारांबरोबर स्वयंपाकी येणार, मग त्याची चूल वाळूवर कुठे, आणि ज्यांना त्या चुलीचं चालत नाही ते जेवणार कुठे. गोविंदने हे सगळं एका मोठ्या कागदावर काढलं होतं. नदीचं वळण, कुठे किती पाणी, कोणती होडी कोणामागे. मी ओट्यावर बसून परिपत्रकाचा मजकूर उतरवून घ्यायचो आणि ऑफिस सुटल्यावर टाइप करून द्यायचो. मला त्या कामाचा मनापासून कंटाळा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. नदीचंही मला प्रेम नाही. मी जायचो, कारण त्याला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

पहिल्या वर्षी तीन होड्या आल्या. दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी जहागिरी गेल्या आणि राऊच्या जहागीरदारांनी आपली होडी विकली. ती घेतली पेंडसेसाहेबांनी.

बातमी मीच गोविंदला सांगितली, आणि लगेच म्हणालो, "त्यांना बोलवायची काही गरज नाही."

"का बरं?"

"का म्हणजे काय... तुला माहीत नाही का?"

गोविंदने सायकलची साखळी पुसत पुसत म्हटलं, "छप्पर आहे ना होडीला? तरंगते ना? मग बोलवायचं. अरे भिया, आपण काय होडीवाल्यांचीही यादी करणार का, हा ठेवा नि हा काढा?"

त्याने आवाज चढवला नाही. माझी काळजी निराळीच होती. ते दोघे बोलायला लागले तर बोलण्यातून काय बाहेर पडेल, ही.

गेल्या चैत्रातला तो मेळा. सातांपैकी पाच होड्या आल्या, आणि आजवरचा हा सगळ्यांत मोठा आकडा. पेंडसेसाहेबांनी होडीत लोखंडी खाट, दोन ट्रंका, पाण्याचा माठ आणि बायकोची गादी एवढं भरलं होतं. गोविंदने सांगून पाहिलं, "साहेब, थोडं उतरवू या. पुढे पाणी उथळ आहे." साहेब म्हणाले, "अहो, चालतं. पाहू या." गोविंदची होडी सगळ्यांत मागे, हे त्याने स्वतःच ठरवलेलं, म्हणजे कोणी अडकलं तर दिसावं. कोसभर गेल्यावर साहेबांची होडी रेतीत बसली. वल्ह्याने हलेना, ढकलून हलेना. मग गोविंद धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरला. अर्धा तास बांबू घालून, खांदा लावून, एक ट्रंक आमच्या होडीत घेऊन त्याने ती मोकळी केली. मी छपराखाली बसून ट्रंक धरून होतो. तो वर चढला तेव्हा धापा टाकत होता आणि ओठ काळपट दिसत होते. मी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाला, "वय होतंय."

दुपारी चारला सगळे वाळूवर जमले. गोविंदने स्टोव्ह पेटवून सर्वांचा चहा केला. पेंडसेसाहेब सतरंजीवर टेकून बसले होते. थकले होते, पण खूश होते. गोविंद त्यांना कप देताना तिथेच उकिडवा बसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, एक विचारू? त्या साली सरप्लसची यादी निघाली, तिच्यात माझं नाव का आलं असेल?"

मी कप वाळूवर ठेवला.

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खरंच आठवायचा प्रयत्न केला त्यांनी, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मग म्हणाले, "तुम्ही आमच्या खात्यात होता?... त्या साली किती याद्या निघाल्या हो रिसबूड, सह्या करता करता बोटं दुखायची. खरं सांगतो, नाही आठवत." आणि मनापासून, "पण आजची व्यवस्था फार उत्तम आहे. तुमच्यासारखी माणसं खात्यात पाहिजे होती."

"हो ना," गोविंद म्हणाला. "चहा देऊ आणखी अर्धा कप?"

त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने परतत होतो. घाट चढून बस मानपूरला थांबली तेव्हा गोविंद इतकंच बोलला. "चार वर्षं मी त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होतो, अप्पा. अंघोळीला बसलो की भांडण, सायकलवर बसलो की भांडण. आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही." मग त्याने खिडकीला डोकं टेकलं आणि इंदूर येईपर्यंत डोळे मिटून घेतले. झोपला नव्हता. मी तेव्हा सांगायला हवं होतं. असे दोघंच आम्ही पुन्हा कधी असणार नव्हतो, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. मी खाली उतरून दोघांसाठी पेरू घेतले होते, ते त्याच्या मांडीवर ठेवले. झालं.

पावसाळ्यात त्याच्या पायांवर सूज आली. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टर म्हणाले. गिरणीचं काम सुटलं. दसऱ्यानंतर ऑफिस ग्वाल्हेरला निघायचं होतं, म्हणून मी निरोप घ्यायला गेलो. तो तीन उशांना टेकून बसला होता आणि पलंगावर तोच मोठा कागद पसरलेला होता. पुढच्या चैत्राची आखणी. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा ना यांना, भावजी. जिने चढायचे नाहीत म्हटलंय, आणि हे होड्या चालवतायत." गोविंद हसला आणि मला म्हणाला, "लिहून घे. या वेळी सातही यायला पाहिजेत. ग्वाल्हेरला टाइप कर आणि तिथूनच टाक."

मी लिहून घेतलं. कागद घडी करताना तो म्हणाला, "आणि खाली तुझी अक्षरं टाकत जा रे. परिपत्रकावर कधी टाकत नाहीस."

टाइप करणाऱ्याने कागदाच्या खाली डाव्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकायची, ही आमच्या ऑफिसातली रीत. मी म्हणालो, "हे काय सरकारी कागद आहेत का?"

"माझ्या ऑर्डरवर टाकली होतीस."

वहिनी आत औषध काढत होत्या. बाटलीचा आवाज आला. पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं. शेंगा सोलत होता त्या संध्याकाळी, माझ्याकडून परिपत्रकं लिहून घेत होता त्या सगळ्या संध्याकाळी, आपल्या होडीत मला बसवून नेत होता तेव्हा, बसमध्ये डोळे मिटून बसला होता तेव्हासुद्धा.

"गोविंदा," मी म्हणालो, "मी सांगायला पाहिजे होतं."

"हो," तो म्हणाला. "पाहिजे होतं." त्याने 'जाऊ दे' म्हटलं नाही, 'तुझा काय दोष' असंही नाही. मग म्हणाला, "वाचून दाखव. डॉक्टरांची होडी दुसरी लिहिलीस की तिसरी?"

मी वाचून दाखवलं.

तो मजकूर ग्वाल्हेरला माझ्या ट्रंकेत पाच महिने पडून होता. रोज म्हणायचो उद्या करू. ऑफिसातून खोलीवर आलं की बोटं उचलत नसत. आता इंदूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात सात प्रती टाइप करून टाकल्या. त्याच्या घरची प्रत मी स्वतः नेऊन दिली. वहिनींनी ती वाचली, खालच्या माझ्या अक्षरांपर्यंत वाचली, आणि म्हणाल्या, "आमची होडी पाण्यात असू दे. तुम्ही घेऊन जा." चौघांचे होकार आले आहेत. एका वकिलांनी होडी मोडून लाकूड विकलं म्हणे. पेंडसेसाहेबांचं उत्तर आलं, की येऊ, पण यंदा व्यवस्था कोणाकडे आहे ते कळवावं. ते अजून कळवलेलं नाही.

गेल्या रविवारी मी होडी बघायला मंडलेश्वरला गेलो. एकटाच, पहिल्यांदा. तिची देखभाल करणारा म्हातारा केवट रामसिंग घाटावर बसला होता. मी गोविंदची बातमी सांगितली तर म्हणाला, माहीत आहे. मग त्याने सांगितलं, की अगहनात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षात, रिसबूडबाबू बसने आले होते. पाय सुजलेले. दिवसभर पायरीवर बसून त्यांनी त्याच्याकडून तळाच्या फटी बुजवून घेतल्या, डांबर लावून घेतलं आणि संध्याकाळच्या बसने गेले. घरी त्यांनी याचा पत्ताच लागू दिला नव्हता. राऊला कोणाला भेटायला जातो म्हणून निघाले होते, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

"और कुछ बोले थे?" मी विचारलं.

"बोले, अब अप्पासाहब आएँगे. नाव में मुझसे आगे बैठते हैं, पर उनको तैरना नहीं आता. किसी से कहते नहीं, शरम आती है. तू उनको किनारे-किनारे ले जाना."

मला पोहता येत नाही, हे मी खरोखरच कधी कोणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही.

आत चढलो. छपराखाली, मी बसायचो त्या फळीच्या बाजूला, नवा सुंभाचा दोर खांबाला आडवा बांधलेला होता, हाताला धरता येईल इतक्या उंचीवर. रामसिंगने बांबू टेकवून होडी लोटली. मी दोर धरून बसलो. होडी काठाकाठानेच चालली होती, आणि वाकून पाहिलं तर खालची वाळू दिसत होती. पाणी तिथे गुडघ्यापेक्षा जास्त नव्हतं.