आराशीतला कुकाबुरा

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये आमच्या शेजारी राहणारे काका चहा संपला की कप उलटा करून बघतात, मग घर कुणाचंही असो. तळाशी कारखान्याचा शिक्का शोधायची ही सवय त्यांना लागली ती ऑस्ट्रेलियातल्या चिनीमातीच्या प्राण्यांमुळे. सगळे पन्नास-साठच्या दशकातले, ऑनलाइन लिलावातून जमवलेले. त्यात कोआला आहेत, कांगारू आहेत आणि काकांचा सर्वात लाडका, जाडा कुकाबुरा पक्षी. 'शोपीस' म्हटलेलं त्यांना खपत नाही. कुणी काही उचललं की मागून आवाज येतो, "दोन हातांनी हं, दोन हातांनी." स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेलेले नाहीत. "कशाला? सगळे इकडेच आलेत," म्हणतात.

गौरींपुढच्या आराशीत काकू हे प्राणी मांडतात. यंदा माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी गौरींना हळदीकुंकू वाहिलं आणि त्याच ओघात ओळीतल्या प्रत्येक प्राण्याच्या कपाळाला कुंकू लावत गेल्या. जुन्या ग्लेझच्या चकचकीत थराला बारीक चिरा असतात, त्यात रंग मुरला की निघत नाही, हे काकांनीच मला कितीदा सांगितलेलं. मी घाईघाईने टिश्यू काढला.

"राहू दे, रब नको करूस," काका म्हणाले आणि त्या लाल कपाळांकडे बघत उभे राहिले.

सासूबाई ओशाळल्या. "माझं काही चुकलं का?"

काकांनी समईमागे झाकला गेलेला कुकाबुरा दोन हातांनी उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"ताई, हा राहिला."