राणीसाहेबांचा डिंक

माझे मामा जन्मात कधी धावले नाहीत. बस चुकेल तर चुको, पाऊल जपूनच पडणार. अशा माणसाला प्राणी बचाव केंद्रात नोकरी लागली आणि काम मिळालं लोरिस सांभाळायचं. म्हणजे देवानेच पत्रिका जुळवली. लोरिस हा माकडांच्या दूरच्या नात्यातला, ओंजळभर आकाराचा, बटबटीत डोळ्यांचा निशाचर. धोका दिसला की पळत नाही, जागीच थिजतो आणि तासन्‌तास फांदी सोडत नाही.

"आमच्या ह्यांचाच सख्खा भाऊ," मामी म्हणायची. "तो फांदी सोडत नाही, हे खुर्ची."

पण हे गरीब दिसणारं ध्यान विषारी असतं. कोपराजवळचा स्राव चाटतं, लाळेत मिसळतं आणि मग चावतं. पहिल्याच महिन्यात मामांचा अंगठा टोमॅटोएवढा सुजला.

"तीस वर्षं मी चावतेय, तेव्हा नाही कधी सुजला!" मामीचं सांत्वन.

चावणारीचं नाव मामांनी राणीसाहेब ठेवलं. चोरटे व्यापारी लोरिसचे दात तोडूनच विकतात. हिची सुटका कोवळ्या वयातच आणि वेळेत झाली, त्यामुळे दात शाबूत होते आणि ती जंगलात परत जाऊ शकत होती. अट एकच: झाडाची साल दातांनी कुरतडून आतला डिंक तिला स्वतः काढता यायला हवा. इतर खाणं आटलं की जंगलात लोरिस डिंकावरच तगतात.

राणीसाहेब मामांच्या दिवसपाळीत जाग्या राहाव्यात म्हणून पिंजऱ्याच्या खोलीत दिवसा अंधार असे, एक लाल दिवा तेवढा मिणमिणायचा. त्या उजेडात मामा बघत बसायचे. तासभर कुरतडावं तेव्हा डिंकाचा एक थेंब. मामांचा जीव तुटायचा. शेवटी त्यांनी घरून स्क्रू ड्रायव्हर नेला, ओंडक्याला भोकं पाडली आणि त्यात डिंक भरून ठेवला. आठ महिने. नोंदवहीत रोज लिहायचे, 'खाणे उत्तम'.

मग परीक्षा आली. राणीसाहेब आणि आणखी दोन लोरिस वेगळ्या पिंजऱ्यांत, समोर ताजे, अखंड ओंडके. ते दोघे पहिल्याच दिवशी कामाला लागले. राणीसाहेब सालीवर नाक फिरवत भोक शोधत राहिल्या. सापडेना, तशा वाट बघत बसल्या. पाऊण किलोच्या जिवाचं सहा दिवसांत नव्वद ग्रॅम वजन उतरलं. सातव्या दिवशी केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी परीक्षा थांबवली.

"मामा, ही कुरतडतच नाही. असं कसं?" केंद्रातही ते सगळ्यांचे मामाच होते.

मामांनी खरं ते सांगून टाकलं. बाईंनी नोंदवही मिटून ठेवली.

"अजून एक वर्ष द्या बाई. मी शिकवतो."

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तिचं शिकायचं वय तुम्ही भोकं पाडण्यात घालवलंत, मामा."

ते दोन लोरिस जंगलात गेले. राणीसाहेब राहिल्या.

"मला दुसऱ्या खोलीत टाका," मामा म्हणाले.

"नाही. तिला तुमची सवय आहे."

त्या दिवशी मी मामांकडेच होतो. जेवताना मामीने विचारलं, "किती वर्षं जगतात हो ही?"

"पिंजऱ्यात? वीसेक."

"आणि तुमची नोकरी राहिली सहा."

मामांनी मान हलवली.

"मग पुढे तिने कोणाची वाट बघायची?"

मामा ताटातला भात नुसताच चिवडत बसले. मामी टोमणे मारायची थांबली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.