रोझिनाबाईंचं पाच डॉलरचं नाणं

फिलाडेल्फियात आम्ही सात भाडेकरू रोझिना श्ट्रोलबाईंच्या घरी राहायचो. बाईंना स्वच्छतेचं भारी वेड. १९०८च्या नाताळात टांकसाळीत कामाला असलेल्या त्यांच्या भावाने, कॉनराडने, त्यांना पाच डॉलरचं नवं सोन्याचं नाणं भेट दिलं. इतर नाण्यांवर चित्र वर उठलेलं असतं. यावरचा पिसांचा मुकुट घातलेला रेड इंडियन मात्र आत खोल गेलेला होता.

"अरे, या खाचांत मळ साचणार, रोगजंतू होणार!" म्हणत बाईंनी नाणं उकळत्या पाण्यात टाकलं आणि मग दर शनिवारी त्या ते ब्रशने घासू लागल्या.

कॉनराड हसला. "अगं, चित्र झिजू नये म्हणून ते मुद्दाम आत दडवलंय. पण दडवणाऱ्यांना तुझा ब्रश कुठे माहीत होता!"

"तू आधी हात धू, मग बोल."

आम्हालाही ते नाणं हातात घेऊन बघायचं होतं, पण साबणाने हात धुतल्याशिवाय बाई शिवू देईनात. रविवारी जेवणाआधी मोरीपाशी आमची रांग लागली. आठ वर्षं ओरडून जे बाईंना जमलं नव्हतं, ते त्या इंडियनने एका दुपारी करून दाखवलं. खुशीत बाईंनी आम्हाला डुकराचं मटण न मागता दुसऱ्यांदा वाढलं.