पाइप वाजवणाऱ्या बायका

‘‘मॅडम, अतिरेकी विचारसरणी म्हणजे नेमकं काय असतं?’’

कल्याण कोर्टात माझ्या टेबलासमोर बसून सुनंदाताई विचारत होत्या. राहायला दिव्याला, एका शाळेच्या बसवर अटेंडंट. पाण्यासाठी आसपासच्या बायकांना घेऊन मोर्चा काढला आणि पाठोपाठ पोलिसांची नोटीस आली. त्यात हे शब्द होते. त्या रडत वगैरे नव्हत्या. त्यांना खरंच कुतूहल होतं. नोटीस वाचल्यावर मलाही वाटायला लागलं.

ही चॅप्टर केसची नोटीस. यात तुम्ही गुन्हा केलाय असं पोलीस म्हणत नाहीत. तुम्ही शांतता बिघडवाल अशी शक्यता आहे म्हणतात आणि नीट वागण्याचा बाँड मागतात. आमच्याकडे हे प्रकरण एसीपींसमोर चालतं. म्हणजे तक्रार पोलिसांची आणि ऐकणारेही पोलीसच. इतकी वर्षं या केसेस चालवतेय, तरी या प्रकाराची मला अजून चीड येते.

एरवी आम्ही वकील ‘बाँड द्या आणि सुटा’ म्हणतो. इथे ते चालणार नव्हतं. शाळेला बसवरच्या माणसांचं पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. ‘अतिरेकी’ हा शब्द एकदा नावाला चिकटला की बाईंची नोकरी गेलीच.

टेरेसवर बैठका घेतल्या, निवडणुकीवर बहिष्काराची चिथावणी दिली, हे नोटिशीतले आरोप मला कळले. पण पुढे लिहिलं होतं, ‘इमारतींमध्ये सांकेतिक आवाज करून जमाव गोळा करतात.’

‘‘हे कसले आवाज हो?’’

‘‘आवाज? आम्ही कुठे...’’ आणि त्या एकदम हसायलाच लागल्या. ‘‘घरी या मॅडम. दाखवते.’’

गेले. नोटिशीसाठी कमी आणि माझ्या उत्सुकतेसाठी जास्त. तिथे पाण्याची वेळ ठरलेली नाही. खालच्या सामायिक नळाला पाणी आलं की तळमजल्यावरची बाई उलथन्याने उभ्या पाइपावर ठोकते. वरची ऐकते, ती आणखी वर कळवते. मी स्वयंपाकघरात उभी असतानाच ठणठण सुरू झाली आणि बघता बघता जिना हंड्या-बादल्यांनी भरून गेला. मला ते फार आवडलं. जमाव खरोखरच गोळा होत होता, फक्त नळावर.

सुनावणीला एसीपी साहेब सौजन्याने वागले. चहा मागवला.

‘‘वकील मॅडम, आवाजाचं सोडा. बहिष्काराचं काय? बंदी घातलेल्या संघटनांचं हेच धोरण असतं.’’

‘‘सर, ‘पाणी नाही तर मत नाही’ असे बोर्ड दर इलेक्शनला गावोगाव लागतात. मत न देणं हा गुन्हा नाही.’’

‘‘पण भाषा तीच ना?’’

‘‘भाषा जुळली म्हणून माणूस त्यांचा होत नाही, सर. ते लोक चहाही पीत असतील.’’

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. जास्त बोलले असं मला वाटून गेलं. ते सुनंदाताईंकडे वळले. ‘‘बरं, ते आवाज कसले?’’

सुनंदाताई उठल्या आणि बांगडीने लोखंडी कपाटावर ठोकून दाखवलं. ‘‘असं दोनदा वाजवलं म्हणजे पाणी आलं. सारखं वाजवलं म्हणजे प्रेशर कमी आहे, लवकर भरा. तुमचे साहेब चौकशीला आलेले तेव्हाच पाणी आलेलं. त्यांनी ऐकलं असणार. पण विचारलं नाही कोणाला.’’

साहेबांनी बाजूला उभ्या असलेल्या सब-इन्स्पेक्टरकडे पाहिलं. ‘‘का नाही विचारलं?’’

‘‘सर, विचारलं असतं तर त्या सावध झाल्या असत्या.’’

तो खोटं बोलत नव्हता. एकदा संशय धरला की विचारणंच बंद होतं, आणि जे विचारलं नाही ते आपोआप संशयास्पद ठरतं. सुनंदाताईंच्या पहिल्या प्रश्नाचं मला मिळालेलं उत्तर एवढंच.

बाँडसाठी पुरेसं कारण नाही, अशी ऑर्डर झाली. व्हेरिफिकेशनही साफ आलं. सुनंदाताई पेढे घेऊन आल्या. मी खुशीत होते.

‘‘मग, पुढचा मोर्चा कधी?’’

‘‘बघू. बायका तयार नाहीत आता.’’ त्यांनी पेढ्यांच्या बॉक्सचा दोरा बोटाला गुंडाळला. ‘‘पाइप पण नाही वाजवत कोणी, मॅडम. तळमजल्यावरची बोलते, उगाच कशाला परत नाव यायला पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या काकी खाली येऊन नळ उघडा ठेवून त्याच्यासमोरच बसून असतात.’’

पेढा तोंडात तसाच राहिला.

केस आम्ही जिंकलो, ऑर्डर फाइलला आहे. ‘पाइप वाजवायला हरकत नाही’ एवढी एक ओळ तीत मागून घ्यायला हवी होती. अशी ओळ कुठलाही साहेब लिहून देणार नाही, हे मला माहीत आहे. तरी पुढच्या वेळी मागणार आहे.