लेखात न लिहिलेला मफलर

माझ्या ताईचे यजमान गंधकाचे संशोधक आहेत. ताईचे लग्न झाल्यापासून आमच्या घरात या वाक्याचा एकच अर्थ होतो: खिडक्या उघडा.

भावोजी शिकत होते तेव्हा हुशार मुले नावाजलेल्या विषयांमागे धावत होती. यांनी मागच्या बाजूची कोपऱ्यातली प्रयोगशाळा पसंत केली. तिथे गंधकाचे काम चाले आणि सडक्या अंड्यांच्या वासामुळे शेजाराला कोणी टिकत नसे. "भांडायला कोणी नाही, जागाच जागा," हे ते अजून अभिमानाने सांगतात. माणसाने आयुष्याचा विषय असा निवडावा? मी वाणिज्य शाखेचा. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो भरू नये, एवढे मला कळते.

बरे, गंधकावर थांबावे. तेही नाही. मूलद्रव्यांच्या तक्त्यात गंधकाच्या खाली सेलेनियम येते आणि त्याच्या खाली टेल्यूरियम. जिना उतरावा तसे भावोजी त्या रकान्यात उतरत गेले. सेलेनियमच्या काळात त्यांच्या शर्टाला कुजक्या मुळ्याचा वास यायचा. ताई तो शर्ट चिमटीत धरून बाल्कनीत न्यायची. टेल्यूरियमची तऱ्हा त्याहून न्यारी. ते कणभर अंगात गेले तरी श्वासाला लसणाचा वास येतो आणि आठवडेच्या आठवडे जात नाही. ज्याच्या तोंडाला येतो, त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

प्रयोगशाळेतला एक जण यातूनच आजारी पडला, तेव्हा भावोजींनी नियम केला. दर सोमवारी सकाळी प्रत्येकाने दुसऱ्यासमोर श्वास सोडायचा. लसूण आला की वास जाईपर्यंत टेल्यूरियमच्या टेबलाकडे फिरकायचे नाही. नियम चांगला होता. भावोजींचे नियम इतरांसाठी नेहमीच चांगले असतात.

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना विघ्न आले. गंधक आणि टेल्यूरियमचे अणू एकाच कड्यात शेजारी शेजारी बसतात, असे भावोजींनी एका लेखात छापले होते. वर्षानुवर्षांच्या कामाचे फळ म्हणजे तो लेख. दूरच्या एका प्राध्यापकांनी त्याला छापील उत्तर दिले: आम्ही तुमच्या पद्धतीने करून पाहिले, कडे मिळाले नाही, ही नुसती सरमिसळ दिसते. आता निवृत्तीपूर्वी त्या कड्याचे स्फटिक पुन्हा हाती लागले नाहीत, तर सगळा जन्म सरमिसळीत जमा होणार होता.

भावोजी टेबलाला चिकटले. हातमोज्यांनी बोटे जड होतात म्हणून तेही काढून ठेवू लागले. व्हायचे तेच झाले.

"अहो, तुमच्या तोंडाला येतोय," ताई म्हणाली.

"तू भाजीत लसूण घातला असशील."

"मी कारल्यात लसूण घालत नाही."

सोमवारी त्यांची स्कूटर बंद होती, म्हणून मी त्यांना गाडीतून नेत होतो. काचा खाली होत्या हे सांगायला नकोच. वाटेत ते म्हणाले, "शालकबुवा, जरा त्या भाजीवाल्यापाशी थांबव."

त्यांनी लसणाचा गड्डा घेतला आणि माझ्या शेजारी बसून कच्च्या पाकळ्या चावू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. "आता कुठला वास कुठला, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

"भावोजी, तुमचं वय काय..."

"तू रस्त्याकडे बघ."

प्रयोगशाळेत त्यांची सहकारी दारातच उभी होती. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी; शिस्तीची म्हणून त्यांनीच तिचे नाव 'मास्तरीणबाई' ठेवलेले.

"सर, श्वास."

भावोजींनी सोडला. मास्तरीणबाई दोन पावले मागे सरकल्या. "लसूण."

"खाल्लाय मी. हा माझा मेहुणा साक्षीला आहे."

"खाल्ला असेल. वास आला तर बंदी, एवढंच नियमात आहे. कुठून आला हे विचारायचं त्यात नाही."

"नियम कोणी केला?"

"तुम्हीच. माझ्याकडून पाठही करून घेतलात."

आपलेच दात, आपलेच ओठ. भावोजींनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

वास काही जाईना. भावोजी बाहेरच्या खुर्चीत बसून काचेच्या दारातून ओरडत आणि आत मास्तरीणबाई काम करीत. आठवड्यामागून आठवडे गेले, स्फटिक येईनात. मी त्यांना न्यायला जाई तेव्हा ही जुगलबंदी ऐकावी लागे.

"हळू थंड करायचं म्हणजे किती हळू, सर?"

"हाताला अंदाज येतो."

"तुमचा हात बाहेर बसलाय. नीट सांगा. तापलेला चंबू उतरवून कशावर ठेवायचा?"

"कशावर म्हणजे? मफलरमध्ये गुंडाळून."

आत चंबू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दार उघडले.

"मफलर?"

"माझा जुना, लोकरीचा. खिडकीच्या खुंटीला असतो तो. पहिल्यापासून तसंच करतो मी."

"सर, हे लेखात कुठे आहे?"

"मफलर काय लेखात लिहायचा असतो?"

मी कपाळावर हात मारला. दूरचे ते प्राध्यापक बिचारे चंबू उघडाच ठेवत असणार. द्रावण भसकन थंड होऊन सगळा गाळ तळाशी बसत असणार. आणि हा गृहस्थ त्यांना महिनोन्महिने नाठाळ म्हणत होता.

मास्तरीणबाईंनी चंबू मफलरमध्ये गुंडाळला. या खेपेस स्फटिक आले. क्ष-किरणांच्या तपासणीत कडे दिसले, गंधक आणि टेल्यूरियम दोन्ही त्याच्यातच. ती कृती प्राध्यापकांना पाठवली. त्यांनी करून पाहिली आणि कळवले की, आम्हालाही मिळाले, आक्षेप मागे घेतो, पण मूळ लेखात दुरुस्ती छापा.

यावर माणसाने पेढे वाटावेत. भावोजींचे तोंड एरंडेल प्यायल्यासारखे.

"जमलं ना? मग आता काय?" ताईने विचारले.

"मास्तरीणबाई म्हणते, दुरुस्तीत मफलर असंच लिहायचं."

"मग लिहा की."

"शोधनिबंधात मफलर? मी 'लोकरी आवरण' म्हणतोय."

काल त्यांना न्यायला गेलो तर दोघांचे यावरच चालले होते. मी गाडी सुरू ठेवून खाली थांबलो. बऱ्याच वेळाने भावोजी आले, बसले आणि दार आपटून म्हणाले, "आता विचारते, घड्या किती घालायच्या."

"किती घालायच्या?"

"मला काय माहीत. आजवर मोजल्यात का कोणी?" ते म्हणाले, आणि दार उघडून पुन्हा वर गेले.