पिकोचाची मशीन थांबवून ऐकायच्या

इस्लामपुरात आमच्या घरासमोरच्या गाळ्यात साड्यांना पिको-फॉल करणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या एक चाची होत्या. सगळी गल्ली त्यांना पिकोचाची म्हणायची. भाज्यांचे भाव, ऊन, कुणाची सून कशी, हे सगळं त्या मशीन चालवत ऐकायच्या. पण समोरचा माणूस स्वतःचं काही सांगू लागला की त्यांचा पाय थांबायचा. सुई ओढणीच्या काठाला टोचून त्या माणसाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत बसायच्या. "मशीन चालू ठेवून ऐकलेलं कापडात जातं, डोस्क्यात न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्याकडे पोहोचले ती भीतीमुळे. पाचगणीच्या शाळेत दहावीला असताना, वसतिगृहाच्या जेवणघरात मला पहिली फिट आली. दुसरी फिट आल्यावर बाबा घरी घेऊन आले. सांगलीच्या डॉक्टरांनी एपिलेप्सी सांगितली. तो शब्द घरातही उच्चारायचा नाही असं आईने ठरवलं. लोकांना सांगायला 'अशक्तपणा' होता. आई बँकेत जायची. मला एकटं ठेवायची तिची हिंमत नव्हती, म्हणून अकरावीपासून इथलं कॉलेज सुटलं की मी चाचींच्या गाळ्यात बसायचे. पुस्तक समोर उघडं असायचं. मी फक्त वाट बघायचे, आता कधी पडते याची.

एका दुपारी पडले. नंतर कळलं की गिऱ्हाइकांपैकी एकीने कांदा फोडून आणला, दुसरीने चप्पल नाकाशी धरली, तिसरी दातांत चमचा घालायला निघाली. चाचींनी तिघींना बाहेर काढलं, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कापडाचं गाठोडं सरकवलं आणि शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. त्यांच्या धाकट्या भावालाही फिट यायच्या. "त्याचा पुढचा दात चमच्यानंच पाडला आमी," त्या म्हणाल्या. "तवा शिकले."

दोन दिवसांनी त्यांनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "आतनं कसं असतंय गं ते?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. किती मिनिटं, आधी कुठला हात, हे डॉक्टर विचारायचे, तेही आईला. पाचगणीत सगळं इंग्रजीतच शिकले होते, मला हे मराठीत सांगता येईना.

"मग इंग्रजीत सांग. कळंल तेवढं कळंल."

अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगितलं. आधी करपलेल्या गुळाचा वास येतो, जो दुसऱ्या कुणालाच येत नाही. मग ओळखीची खोली अनोळखी होते आणि पोटातून भीती वर चढते. कधी तेवढ्यावरच थांबतं. कधी मी पडते.

चाची माप दोनदा घ्यायच्या आणि गिऱ्हाइकाला मोठ्याने म्हणून दाखवायच्या. माझं बोलणंही त्यांनी तसंच म्हणून दाखवलं. "म्हंजे घर तेच, पण तू पाव्हणी. बरोबर?"

"नाही. घरच दुसऱ्याचं."

"आसं व्हय. परत सांग."

'घाबरू नकोस' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. तुम्हाला भीती नाही वाटली का, असं मी एकदा विचारलं. "लय वाटली. त्या दिवशी दोन साड्यांची पिको वाकडी गेली, उसवून परत केली. लाव ते बिल तुझ्या बाला." किती तरी दिवसांनी मी हसले.

बारावीनंतर मला सांगलीला शिकायला जायचं होतं, वसतिगृहात राहून. आईची अट होती, सहा महिने काहीही व्हायला नको. मोठी फिट आली नाही. पण गुळाचा वास आठवड्यातून दोनदा तरी यायचा आणि मधले काही क्षण हरवायचे. ते मी फक्त चाचींना सांगायचे, शपथ घालून. "आईला सांग की," त्या दर वेळी म्हणायच्या. "मग वसतिगृह गेलं," मी म्हणायचे.

एकदा गाळ्यातून उठून घरी गेले आणि एकटीच दूध तापवत होते. भानावर आले तेव्हा कुर्त्याची बाही धुमसत होती. मी ती विझवली, कुर्ता बदलला आणि तो घेऊन धावत चाचींकडे गेले. हाताला मोठा फोड आला होता. "आई यायच्या आत शिवून द्या."

त्यांनी आधी माझा हात पाण्याखाली धरला. मग बाहीच्या भोकातून बोट घालून बघितलं.

"शिवायला धा मिन्टं लागतील," त्या म्हणाल्या. "पण हे शिवलं तर आजवर ऐकलं कशाला मी?"

"तुम्ही शपथ घेतलीय."

"मी न्हाई सांगत. तूच सांगायचं. मी शेजारी बसते."

फोड मी लांब बाहीखाली लपवला. दोन दिवसांनी सांगलीच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. दोरे आणायचेत म्हणून चाची आमच्या गाडीत बसल्या. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आईला विचारलं. "एकदम छान आहे," आई म्हणाली. मी चाचींकडे पाहिलं. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. पडण्याची भीतीसुद्धा या सांगण्याच्या भीतीएवढी मोठी नव्हती.

"छान नाहीये," मी म्हणाले आणि बाही वर केली.

मग सगळं सांगितलं, चाचींना ठाऊक होतं तेही. गोळ्या बदलल्या. वसतिगृह वर्षभर लांबलं. परत येताना गाडी आष्ट्याला पोहोचली. मग आई चाचींना म्हणाली, "तुम्हाला सगळं माहीत होतं. माझी पोर जळून गेली असती."

"व्हय ताई. चुकलंच माझं. रोज भीत व्हते मी. पण मी फोडलं आसतं तर तिनं परत कुणालाच काय सांगितलं नसतं."

"ते तुम्ही ठरवायचं?"



आईने माझं गाळ्यात बसणं बंद केलं. पुढच्या वर्षी चाची मिरजेला लेकीकडे राहायला गेल्या आणि गेल्या उन्हाळ्यात तिथेच वारल्या. आई त्यांच्या लेकीला भेटून आली, मगच तिने मला फोन केला.

मी आता साताऱ्यात नोकरी करते. भीती गेलेली नाही. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून ठेवलं होतं. मागच्या महिन्यात पडले. शुद्धीवर आले तेव्हा मी कुशीवर होते आणि ती भिंतीला टेकून बसली होती, पांढरीफटक. सगळे माझ्याभोवती जमले होते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जीभ जड झाली होती, तरी मी तिला विचारलं, तुला काय दिसलं?

ती अडखळत सांगू लागली. माझे डोळे कसे फिरले, घशातून कसला आवाज आला, मी मेले असं तिला कधी वाटलं. एवढी वर्षं हे ऐकायला मी घाबरत होते. मी शेवटपर्यंत ऐकलं.